ओव्याच्या तेलावर एवढं ओझं कशाला?

गेल्या पावसाळ्यात नागपुरात काटोल रोडवरच्या एका सभागृहात कोंबडीपालकांची बैठक होती. विषय असा की, खाद्यातलं अँटिबायोटिक बंद करून त्याऐवजी वनस्पतींची सुगंधी तेलं वापरावीत का. दोन तास वाद रंगला आणि दोन्ही बाजूंनी आपापली बाजू आपल्याच हाताने बुडवली. एकीकडे 'सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहे' म्हणणारे होते. ओवा, लवंग, दालचिनी, लसूण. पूर्वजांना ठाऊक होतं, इंग्रजी औषधांनी घात केला, वगैरे. दुसरीकडे होते माझेच व्यवसायबंधू, म्हणजे पशुवैद्य. "ओव्याने ई-कोलायचा जंतू मरत असता तर आम्ही कॉलेजात पाच वर्षं काय केलं?" असं त्यांतल्या एकाने विचारलं आणि हशा पिकला. टाळ्या दोघांनाही पडल्या. जेवणाच्या रांगेत कळमेश्वरकडचा एक तरुण माझ्यामागे उभा होता. म्हणाला, "डाक्टरसाहेब, दोघायचंही पटलं. पण सोमवारी पिल्लं येऊन राह्यली. खाद्यात टाकू काय मी?"

त्याला ताट हातात धरून जे अर्धवट उत्तर दिलं, ते इथे पुरं करतो. तेलं अँटिबायोटिकला पर्याय आहेत की नाहीत, हा प्रश्नच वाकडा आहे, कारण जनावरांमध्ये अँटिबायोटिकला आपण एक नव्हे, तीन नोकऱ्या दिल्या आहेत. आजारी जनावर बरं करणं ही पहिली. शेडमध्ये गर्दी आहे, खाली अंथरलेलं तूस ओलं आहे, आजार येणारच, म्हणून सगळ्या पक्ष्यांना आधीच पाण्यातून पाजून ठेवणं ही दुसरी. आणि आजाराचा पत्ताही नसताना, निव्वळ वजन लवकर भरावं म्हणून टनामागे काही ग्रॅम खाद्यात कालवणं ही तिसरी. तिसऱ्या नोकरीवरून अँटिबायोटिकला आजच काढावं आणि तिथे तेलांना उमेदवारी द्यावी, असं माझं मत आहे. दुसऱ्या नोकरीत तेलं मदतनीस म्हणून चालतील, पण मुळात ती जागाच कमी करायला हवी. पहिल्या नोकरीत मात्र तेलांनी लुडबुड करू नये. त्या बैठकीत एक वक्ते तिसऱ्या कामाचे पुरावे दाखवून पहिल्या कामाचा दावा ठोकत होते, तर दुसरे पहिल्या कामातलं अपयश दाखवून तिसऱ्यालाही नकार देत होते. भांडण जोरात, पण दोघं वेगवेगळ्या आखाड्यांत!

ही तिसरी नोकरी अँटिबायोटिकला मिळाली तीसुद्धा अपघाताने. 1948 साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन नावाचं अँटिबायोटिक काढून झाल्यावर उरलेला चोथा त्यांनी खाद्यात घालून पाहिला. पिल्लं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. ही करामत जीवनसत्त्वाची नसून चोथ्यात राहून गेलेल्या अँटिबायोटिकची आहे, हे मागाहून कळलं. एवढ्याशा मात्रेने पिल्लं नेमकी का वाढतात यावर तेव्हा खात्रीचं उत्तर नव्हतं आणि आजही एकमत नाही. तरी काही वर्षांतच ते अनेक देशांच्या खाद्यात जाऊन बसलं. 'तेल कसं काम करतं ते आधी सिद्ध करा' असा दंडुका उगारणाऱ्यांनी हे आठवावं. ज्याच्या जागी तेल येऊ पाहतंय, त्याने तरी नोकरीला लागताना कुठला दाखला दाखवला होता?

अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच देऊन ठेवला होता. पुढच्या काही वर्षांतच आपण नेमकं तेच, तेही कोट्यवधी पक्ष्यांवर, सुरू केलं. आणि हे कळायला विदर्भातल्या माणसाला सूक्ष्मदर्शक लागत नाही, त्याने ते बोंड फोडून पाहिलंय. 2002 मध्ये बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे जगलेल्या साध्या किडीशी संकर होऊन चिवट अळीची पैदास मंदावेल, असा हिशोब. किती जणांनी लावली? बहुतेक पुड्या धुऱ्यावर फेकल्या गेल्या. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळपासून नागपूरपर्यंत काय केलं ते मी सांगायला नको. एकच हत्यार, सगळीकडे, सतत. कापसात जे घडलं ते कोंबडीच्या आतड्यात घडणार नाही असं मानायला काय आधार आहे?

तिथे ते घडलंच आहे. अ‍ॅव्होपार्सिन नावाचं अँटिबायोटिक माणसाला कधीच दिलं जात नव्हतं, ते फक्त खाद्यात जायचं. त्यामुळे सगळे निश्चिंत. पण ते व्हँकोमायसिनचं सख्खं भावंड, आणि व्हँकोमायसिन म्हणजे रुग्णालयातलं राखीव अस्त्र. अ‍ॅव्होपार्सिन खाणाऱ्या जनावरांत व्हँकोमायसिनला दाद न देणारे जंतू सापडले, तेव्हा डेन्मार्कने 1995 मध्ये आणि युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याच्यावर बंदी घातली. पुढे 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिक्स युरोपच्या खाद्यातून गेली. कोलिस्टिन या आणखी एका राखीव अँटिबायोटिकची गोष्ट आपल्या जवळची. 2015 च्या अखेरीस चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं जनुक जाहीर केलं. आपल्या सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन बंद केलं. त्याआधी कित्येक वर्षं ते खाद्याच्या प्रीमिक्समध्ये, म्हणजे खाद्यात कालवायच्या तयार मिश्रणात, मिठासारखं पडत होतं, आणि त्यात माझ्यासारख्यांच्या चिठ्ठ्याही होत्या. हे कबूल करायला हवं.

'पण कोंबडीलाच कशाला धरता? सर्दी झाली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणणारा माणूस काय कमी आहे?' हा प्रतिप्रश्न रास्त आहे. 2019 साली जगात सुमारे 12.7 लाख माणसं थेट औषध-प्रतिकारक जंतूंमुळे गेली, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या मृत्यूंमागे माणसांच्या दवाखान्यातल्या चुकांचा वाटा मोठा आहे. पण जगात विकल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी 70 टक्क्यांहून जास्त जनावरांच्या वाट्याला जातात, असाही अंदाज आहे. मेडिकलवाल्याच्या दुकानाला कुलूप लावल्याने कोंबडीच्या खाद्यातलं अँटिबायोटिक धुतलं जात नाही.

आता तेलांकडे. इथे शंका घेणाऱ्यांचं म्हणणं मी पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ते खरंच भक्कम आहे. ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, लवंगेतलं युजेनॉल हे रेणू चरबीत विरघळणारे. ते जंतूच्या पेशीच्या पापुद्र्यात घुसतात, तो गळका करतात, आतलं पोटॅशियम आणि ऊर्जा बाहेर पाझरते. काचेच्या बशीत हे झकास दिसतं. पण कोंबडी म्हणजे काचेची बशी नव्हे. खाद्यातली चरबी आणि प्रथिनं तेलाला पकडून ठेवतात. जे सुटतं त्यातलं बरंचसं पोटात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, म्हणजे जिथे जंतूंची खरी वस्ती आहे तिथे पोचायच्या आत संपतं. मात्रा वाढवावी तर वासामुळे पक्षी खाद्याला तोंड लावत नाही. शिवाय मालाचा भरवसा नाही. ओव्याच्या दाण्यात तेल 2 ते 4 टक्के, आणि त्या तेलात थायमॉल साधारण 35 ते 60 टक्के. हिशोब करा: एका किलो ओव्यातून 7 ग्रॅम थायमॉल निघू शकतं आणि 24 ग्रॅमही. जात, जमीन, काढणीची वेळ यावर ते ठरतं. अँटिबायोटिकची मात्रा अशी तिप्पट-चौपट हेलकावे खाऊ लागली तर आपण कंपनीवर खटला भरू.

यात नागपूरचा म्हणून आणखी एक मुद्दा घाला, जो त्या बैठकीत कुणालाच सुचला नाही. ही तेलं उडून जाणारी आहेत. यातले कित्येक प्रयोग झाले ते थंड देशांत, तापमान नीट राखलेल्या शेडमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात, पत्र्याच्या गोदामात किती हे हात लावून पाहा. त्याआधी कारखान्यात खाद्याच्या गोळ्या पाडताना वाफेची गरमी 80 अंशांच्या आसपास. तेल चरबीच्या कवचात बंद करून दिलं तर ते टिकतं आणि पुढच्या आतड्यापर्यंतही पोचतं. पण मग किंमत वाढते, आणि बाजारात बिनकवचाचंच तेल पाण्यात फेटून 'हर्बल' म्हणून विकलं जातं.

एवढं मान्य करूनही मी तेलांच्या उमेदवारीवर ठाम का? कारण वरचे सगळे आक्षेप 'तेल जंतू मारतं का' या कसोटीचे आहेत आणि तिसऱ्या नोकरीची कसोटी ती नाहीच. तिथे प्रश्न असा आहे की, तेवढ्याच खाद्यात वजन तेवढंच भरतं का आणि मरतूक वाढत नाही ना. तेलं पाचकरस वाढवतात, आतड्यातल्या काही त्रासदायक जंतूंना, विशेषतः क्लोस्ट्रिडियमला, थोडा आवर घालतात, आणि नीट बनवलेल्या मिश्रणांनी खाद्याचं वजनात रूपांतर सुधारल्याचे बरेच प्रयोग आहेत. फायदा माफक आहे आणि दर वेळी दिसतोच असं नाही. पण समोरच्या उमेदवाराचा फायदा तरी केवढा होता? कळकट शेडमध्ये अँटिबायोटिक जास्त वजन देतं आणि स्वच्छ शेडमध्ये जवळपास काहीच देत नाही, हे पन्नाशीच्या दशकातच दिसलं होतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या सुमारे 70 लाख कोंबड्यांच्या आकड्यांचा हिशोब प्रसिद्ध झाला. खाद्यातल्या अँटिबायोटिकवर झालेला खर्च त्यातून मिळालेल्या वजनाने भरूनसुद्धा निघाला नव्हता. म्हणजे आपण ज्याची जागा भरायची म्हणतोय, ती जागा बरीचशी रिकामीच होती. वाढीचं अँटिबायोटिक हे अनेकदा न धुतलेल्या शेडचं भाडं असतं.

आता मसाल्याच्या डब्यावाल्यांकडे वळतो, कारण नुकसान त्यांनीही कमी केलेलं नाही. 'नैसर्गिक' हा त्यांचा हुकमाचा पत्ता. पेनिसिलिन काय कारखान्यात जन्मलं? ते बुरशीचं. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूचं. अँटिबायोटिकसुद्धा निसर्गातूनच आलं, आणि त्याला दाद न देण्याची युक्तीसुद्धा निसर्गाचीच. पाइनच्या तेलात वाढवलेल्या ई-कोलायमध्ये काही अँटिबायोटिक्सनाही न जुमानणारे प्रकार प्रयोगशाळेत सापडले आहेत. तेव्हा 'तेलाला जंतू कधीच सरावणार नाहीत' हे आश्वासन कुणी देऊ नये. तेल एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं म्हणून सराव हळू होईल, इतकंच म्हणता येतं. आणि थायमॉलला आजीबाईचा बटवा म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंना मला थोडा इतिहास सांगायचाय. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजं भरून जर्मनीत जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं. 1909 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत रॉकफेलर आयोगाने आतड्यातल्या अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम उघडली, तेव्हा औषध हेच होतं. मोजून दिलं जायचं, पथ्य सांगून दिलं जायचं, कारण जास्त झालं तर ते विष होतं. म्हणजे हा चेष्टेचा विषय नाही, आणि चिमूटभर अंदाजाने टाकायचाही नाही.

निंबोळी अर्काचंच घ्या. 5 टक्क्यांचा अर्क सुरुवातीला, अंडी आणि बारीक अळी असताना फवारला तर उपयोगी पडतो, हे आपल्या शेतकऱ्याने अनुभवलंय. अळी बोंडात शिरल्यावर तोच अर्क कितीही फवारा, ती आत मजेत असते. यात निंबोळीचा दोष कुठला? वेळ चुकली. सावनेर तालुक्यातल्या एका कोंबडीपालकाच्या शेडमध्ये मी अशाच उशिरा पोचलो होतो. पक्ष्यांना ई-कोलायची लागण झालेली, काळजावर पांढरा पापुद्रा चढलेला. औषधविक्रेत्याने त्याला अँटिबायोटिकऐवजी ओरेगॅनोच्या तेलाचे कॅन दिले होते. तीन दिवस तो श्रद्धेने पाजत राहिला. चौथ्या दिवशी त्याने मला बोलावलं, तेव्हा मेलेले पक्षी पुरायला खड्डा खणायचं काम चालू होतं. त्याचा राग तेलावर होता. माझा विकणाऱ्यावर होता, आणि आजही तो कोणत्या तोंडाने दुकान उघडतो कोण जाणे. हीच गोष्ट कासदाहाची. सुरुवातीच्या सुजेवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रचारात आणलाय. पण म्हशीला ताप आहे, कास दगडासारखी झालीय, दुधात गुठळ्या आणि रक्त आहे, तेव्हा लेपाच्या भरवशावर बसणाऱ्याची म्हैस एका सडाने तरी जाते. तिथे अँटिबायोटिक द्यायचं, पूर्ण मात्रेत द्यायचं, आणि सांगितलेले दिवस दूध डेअरीवर घालायचं नाही. या शेवटच्या वाक्याला गोठ्यात माना हलतात आणि दुसऱ्या दिवशी कॅन डेअरीवर जातो, ते वेगळं.

'बंदी घातली तर मरतूक वाढेल' हाही आक्षेप खोटा नाही. स्वीडनने 1986 मध्ये, तिथल्या शेतकरी संघटनेच्याच मागणीवरून, वाढीची अँटिबायोटिक्स बंद केली, तेव्हा दूध तुटलेल्या डुकराच्या पिल्लांना हगवणीने गाठलं आणि उपचारासाठीचं औषध काही काळ वाढलं. डेन्मार्कमध्येही तेच झालं. पण मग त्यांनी पिल्लांचं दूध उशिरा तोडलं, जागा वाढवली, शेड धुऊन कोरडी ठेवली, आणि एकूण वापर उतरला. नॉर्वेतल्या सॅल्मन माशांचं उदाहरण तर याहून बोलकं. 1987 मध्ये तिथे माशांना जवळपास 48 टन अँटिबायोटिक जायचं, आज ते एका टनाच्या आत आहे आणि माशांचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलंय. हा चमत्कार कुठल्या तेलाने केला? कुठल्याच नाही, लसीने केला. तेलवाले आणि औषधवाले भांडत असताना लस, कोरडं तूस आणि पिण्याच्या पाण्याची स्वच्छता यांची बाजू मांडायला सभागृहात कुणी नसतं, कारण कोरड्या तुसाचा एजंट नसतो.

पर्याय शोधताना घाई केली की काय होतं, तेही आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिलंय. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. त्याऐवजी द्यायचं मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरवलेलं होतं. तरी बाजारात त्याच्यासोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही शिरलं. अ‍ॅसिक्लोफेनॅकचं जनावराच्या शरीरात पुन्हा डायक्लोफेनॅकच होतं. त्या दोघांवर बंदी यायला 2023 उजाडलं. पेंचच्या जंगलात गिधाडं पिंजऱ्यातून आणून सोडायचे प्रयोग आज चाललेत ते या सगळ्यानंतर. पर्याय म्हणून आलेल्या प्रत्येक गोष्टीची तीच, तेवढीच कडक परीक्षा घ्यायला हवी होती. सुगंधी तेलांना त्यातून सूट कशासाठी?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बाटलीवर थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल किती टक्के आहे ते छापलेलं असावं, आणि प्रत्येक लॉटची तपासणी असावी. आपल्याच गावात, सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. वैदर्भीय उन्हाळ्यात, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या खाद्यावर या तेलांच्या चाचण्या तिथून व्हाव्यात आणि अपयशी ठरलेल्या चाचण्याही छापल्या जाव्यात. तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्याकडचे बहुतेक ब्रॉयलरवाले कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध सुपरवायझर सांगेल ते, आणि शेतकऱ्याला मिळते ती किलोमागे संगोपनाची मजुरी, तीही मरतूक आणि खाद्याचा हिशोब पाहून. त्या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना खाद्यात काय पडतं हे ठरवायचा अधिकारच नव्हता! दोन तास ज्यांना पटवायचा खटाटोप चालला होता, त्यांच्या हातात पोतं उघडण्यापलीकडे काही नाही. प्रश्न कंपनीला विचारायला हवा, आणि पोत्यावर उत्तर छापायला लावणारा नियम हवा.

कळमेश्वरच्या त्या तरुणाचं सुदैव असं की तो कराराबाहेरचा, स्वतःचं खाद्य स्वतः भरणारा. त्याला मी सांगितलं होतं की, आधी जुनं तूस काढ, पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग टाक, लस चुकवू नको, आणि तेल घेणारच असशील तर कवचाचं घे. उरलेल्या पैशात पंखे लाव. मे महिन्यात त्याच्याकडे जाणं झालं. पंखे लावले होते. तेल मात्र त्याने स्वस्त पडतं म्हणून खुलं घेतलं होतं आणि महिनाभर आधीच खाद्यात मिसळून ठेवलं होतं. गोदामाचं शटर वर केलं तसा ओव्याचा असा घमघमाट आला की डोळ्यांत पाणी यावं. तो अभिमानाने म्हणाला, "पाहा डाक्टरसाहेब, माल किती असली आहे, इथवर वास येऊन राह्यला!" मी पोत्यात हात घालून मूठभर खाद्य नाकाशी नेलं. मक्याचा वास होता.